संगणकाला गाव सांगताना

लिनक्सच्या संगणकावर टर्मिनल उघडून 'डेट' ही कमांड दिली की वार, तारीख, वेळ आणि सोबत 'आयएसटी' ही अक्षरं उमटतात. भारतात बसलेल्या माणसाला त्यात वेगळं काही वाटत नाही. तीच कमांड नुकत्याच भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरवर दिली, तर वेळ बहुधा साडेपाच तास मागे दिसते आणि सोबत 'यूटीसी' (म्हणजे समन्वित जागतिक वेळ) असं लिहिलेलं असतं. नवख्या माणसाचा हात लगेच घड्याळ पुढे करायला जातो. तसं करू नये. त्या सर्व्हरचं घड्याळ बरोबर चाललेलं असतं. आपण कुठल्या गावच्या वेळेने राहतो, एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

घड्याळ लावणं आणि टाइम झोन लावणं ही युनिक्सच्या कुळातल्या सगळ्या यंत्रणांमध्ये, म्हणजे लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी वगैरेंमध्ये, दोन स्वतंत्र कामं आहेत. पहिल्या कामात सेकंदांचा हिशेब जुळवायचा असतो, दुसऱ्यात माणसांनी आणि सरकारांनी घेतलेल्या निर्णयांशी जुळवून घ्यायचं असतं. हा फरक पक्का ठाऊक असला तर टाइम झोनच्या बहुतेक चुका टळतात. तो विसरला की बैठका चुकतात, बॅकअप दोनदा निघतात आणि लॉगमधल्या घटनांचा क्रम उलटासुलटा दिसू लागतो. (या लेखात कमांड आणि फाइलींची नावं देवनागरीत दिली आहेत, यंत्रावर ती रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत.)

सेकंदांची एकच मोजणी

युनिक्स संगणकाच्या आत तास, दिवस, महिने साठवलेले नसतात. तिथे एकच संख्या असते: १ जानेवारी १९७० या दिवशी यूटीसीप्रमाणे मध्यरात्र झाल्यापासून किती सेकंद उलटले. त्या क्षणी भारतात पहाटेचे साडेपाच वाजले होते. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ घालण्यासाठी १९७२ पासून २७ वेळा घातलेले लीप सेकंद या मोजणीत धरत नाहीत. दर दिवस बरोबर ८६,४०० सेकंदांचा मानला जातो. त्यामुळे गणित सोपं राहतं.

ही पद्धत पहिल्यापासून अशी नव्हती. १९७१ च्या युनिक्समध्ये वेळ सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजली जात होती आणि मोजणी १ जानेवारी १९७१ पासून सुरू होत होती. एवढे बारीक तुकडे ३२ बिटांच्या संख्येत मोजत गेलं तर सव्वादोन वर्षांतच ती संख्या भरून जाते. म्हणून पुढे एकक सेकंदावर आणलं गेलं आणि आरंभबिंदू १९७० च्या सुरुवातीला स्थिरावला. ३२ बिटांत साठवलेली ही नवी मोजणीसुद्धा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. भारतीय वेळेप्रमाणे तो क्षण सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांचा आहे. आजच्या यंत्रणा ६४ बिटांची संख्या वापरतात, त्यामुळे त्यांना ही अडचण येणार नाही. जुन्या उपकरणांमध्ये मात्र ती अजून दडलेली आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की ही संख्या पुण्यात, तेल अवीवमध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये एकाच क्षणी एकच असते. फाइल कधी बदलली, ईमेल कधी पोचलं, पैसे कधी जमा झाले, याची नोंद यंत्रणा या संख्येतच ठेवते. माणसाला वेळ दाखवायची वेळ आली की मगच तिच्यावरून स्थानिक तारीख आणि तास काढले जातात. टाइम झोनचं काम या शेवटच्या पायरीवर सुरू होतं.

म्हणूनच 'वेळ चुकीची दिसते' म्हणून घड्याळ साडेपाच तास पुढे ढकललं, तर दिसणारे आकडे बरोबर होतात आणि आतली संख्या खोटी होते. मग त्या सर्व्हरवरच्या फाइली इतर यंत्रांना भविष्यातून आल्यासारख्या दिसतात. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं साडेपाच तास आधीच मुदत संपल्यासारखी वाटतात. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ आणणारी व्यवस्था, चालू असेल तर ती घड्याळ पुन्हा मागे ओढते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

साडेपाच मिळवून का भागत नाही?

भारतात राहणाऱ्याला टाइम झोन म्हणजे एक साधी बेरीज वाटते: यूटीसीत साडेपाच तास मिळवा, झालं. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि १९४५ नंतर तिच्यात बदल झालेला नाही. पण इतकी स्थिर वेळ सगळ्याच देशांना लाभलेली नाही.

पुण्यातला एखादा अभियंता न्यूयॉर्कच्या सहकाऱ्यांबरोबर काम करतो. तिकडची सकाळी आठची बैठक हिवाळ्यात त्याच्या घड्याळात संध्याकाळी साडेसहाला असते आणि मार्चमधल्या एका रविवारनंतर साडेपाचला येते, कारण त्या दिवशी तिकडे उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे नेतात. अमेरिकेत २००६ पर्यंत हा बदल एप्रिलच्या पहिल्या रविवारी होत असे. २००५ च्या एका कायद्याने तो २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारवर आणला आणि घड्याळ परत मागे नेण्याचा दिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारऐवजी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी गेला. ब्रिटन आणि युरोप घड्याळ बदलतात ते मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे असे येतात, की न्यूयॉर्कची वेळ सरकलेली असते आणि लंडनची जागेवरच असते. तिन्ही शहरांतल्या माणसांची एकत्र बैठक याच दिवसांत हमखास घोळात पडते.

आपल्या शेजारीही उदाहरणं आहेत. नेपाळ १९८६ पासून यूटीसीच्या पावणेसहा तास पुढे, म्हणजे आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. श्रीलंकेने १९९६ मध्ये घड्याळ एक तास पुढे नेलं, त्याच वर्षी अर्धा तास मागे घेतलं आणि २००६ मध्ये पुन्हा साडेपाचवर आणलं. बांगलादेशाने २००९ च्या जून ते डिसेंबर या काळात घड्याळ एक तास पुढे नेऊन पाहिलं आणि सोडून दिलं. पिढ्यानपिढ्या मराठी भाषक राहत असलेल्या मॉरिशसनेही २००८-०९ मध्ये एका मोसमापुरता हाच प्रयोग केला. प्रशांत महासागरातल्या सामोआने तर २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजूच बदलली. तिथे गुरुवार २९ डिसेंबरनंतर थेट शनिवार ३१ डिसेंबर उजाडला; ३० तारीख त्या देशात आलीच नाही.

असे निर्णय कधी ऐनवेळी होतात. २०२३ च्या मार्चमध्ये लेबनॉनच्या काळजीवाहू सरकारने घड्याळ पुढे नेण्याच्या अवघे काही दिवस आधी तो बदल रमझान संपेपर्यंत लांबवला. चर्च आणि अनेक माध्यमसंस्थांनी ते मानलं नाही, त्यामुळे देशात काही दिवस दोन वेळा चालल्या आणि अखेर सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. खगोलशास्त्राच्या कुठल्याही सूत्रातून हे कळण्याजोगं नाही. संगणकाला हे कळायचं तर कोणीतरी बातमी वाचून ती लिहून ठेवायला हवी.

निर्णयांची नोंदवही

ती लिहून ठेवणारी एक व्यवस्था आहे आणि आपल्या फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत असंख्य यंत्रं तिच्यावर विसंबून आहेत. तिला टीझेड डेटाबेस म्हणतात. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये काम करणारे आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तो सुरू केला, म्हणून त्याला ओल्सन डेटाबेस असंही नाव आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले पॉल एगर्ट यांनी पुढे त्याच्या संपादनाचा भार उचलला. खंड किंवा महासागर, मग तिरकी रेघ आणि शहर, अशी 'एशिया/कोलकाता'सारखी नावं देण्याची पद्धत त्यांचीच. जगभरातले स्वयंसेवक आपापल्या देशातले बदल पुराव्यासह कळवतात, ते तपासले जातात आणि वर्षातून काही वेळा नवी आवृत्ती निघते.

देशाऐवजी शहराचं नाव घेण्यामागे विचार आहे. देश फुटतात, जोडले जातात, नावं बदलतात, एकाच देशात अनेक वेळा चालतात. त्या मानाने मोठी शहरं टिकाऊ असतात. शहराचं नाव बदललं तरी जुनं नाव मोडीत काढत नाहीत. 'एशिया/कलकत्ता' हे नाव आजही चालतं आणि 'एशिया/कोलकाता' याच नोंदीकडे नेतं. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम अडून बसत नाही.

डेटाबेस म्हटला तरी मूळ रूप साध्या मजकुराच्या फाइलींचं आहे. अमेरिकेच्या नियमाची ओळ वाचली तर तिच्यात साधारण असं सांगितलेलं असतं: २००७ पासून पुढे, मार्च महिना, आठ तारखेला किंवा त्यानंतर येणारा पहिला रविवार, पहाटेचे दोन, घड्याळ एक तास पुढे. 'दुसरा रविवार' हे शब्द यंत्राला समजावण्याची ही नेटकी रीत आहे, कारण महिन्याचा दुसरा रविवार आठ तारखेच्या आधी येऊच शकत नाही. या मजकुरावरून 'झिक' नावाचा प्रोग्राम छोट्या द्विमान फाइली बनवतो आणि त्या 'यूएसआर/शेअर/झोनइन्फो' या डिरेक्टरीत जाऊन बसतात.

कोलकात्याच्या नोंदीत आपल्या वेळेचा इतिहासच वाचायला मिळतो. सुरुवातीला शहराची स्वतःची सूर्यवेळ, १८५४ पासून हावड्याची वेळ, १८७० पासून मद्रासची ५ तास २१ मिनिटं १० सेकंदांची वेळ आणि १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळ एक तास पुढे होतं, तेही इथे नोंदलेलं आहे.

मुंबईची गोष्ट मात्र यात नाही. मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली तेव्हा शहरात तिला कडाडून विरोध झाला; गिरणी कामगारांनीही निदर्शनं केली. महानगरपालिकेने आपली घड्याळं 'बॉम्बे टाइम'वरच ठेवली. कार्यालयात एक वेळ आणि गावात दुसरी, असं कित्येक वर्षं चाललं. 'बॉम्बे टाइम' पुरता मावळला तो १९५५ मध्ये. टीझेड डेटाबेसचा नियम असा की १९७० नंतर ज्या प्रदेशांची घड्याळं एकमेकांपासून वेगळी चालली, त्यांनाच वेगळी नोंद मिळते. १९७० पर्यंत मुंबई आणि कोलकाता एकाच वेळेवर आलेली होती, म्हणून 'एशिया/मुंबई' नावाचा झोन यादीत सापडत नाही. म्हणून १९३० सालच्या मुंबईतल्या एखाद्या घटनेची वेळ संगणकाकडून काढून घेताना अभ्यासकाने ही ३९ मिनिटं स्वतः लक्षात ठेवायला हवीत. यंत्र त्याला बिनदिक्कत साडेपाच तासांचा हिशेब देईल.

या नोंदवहीवर एकदा संकटही आलं. जुन्या काळच्या वेळा जन्मपत्रिका मांडणाऱ्यांनाही लागतात. अमेरिकेतल्या अॅस्ट्रोलेब या ज्योतिष-सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीने २०११ च्या सप्टेंबरअखेरीस ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर स्वामित्वहक्काचा दावा लावला. आपल्याकडच्या नकाशा-कोशातली माहिती डेटाबेसात वापरली, असं तिचं म्हणणं होतं. मूळ सर्व्हर बंद झाला. तेव्हा इंटरनेटवरची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने काही दिवसांतच आयाना या आपल्या विभागामार्फत डेटाबेसाची जबाबदारी घेतली. २०१२ च्या फेब्रुवारीत कंपनीने दावा मागे घेतला. जगाच्या घड्याळांचा केवढा भार दोन माणसांच्या निःस्वार्थ कामावर उभा होता, हे त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा कळलं. त्यांचे आपण ऋणी आहोत, हे इथे आवर्जून लिहावंसं वाटतं.

प्रत्यक्ष झोन लावताना

एवढं समजल्यावर झोन लावणं अवघड नाही. आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत 'टाइमडेटसीटीएल' ही कमांड असते. नुसती ती दिली की स्थानिक वेळ, यूटीसी, यंत्राच्या मदरबोर्डवरच्या घड्याळाची वेळ, चालू टाइम झोन आणि घड्याळ नेटवर्कशी जुळलेलं आहे की नाही, हे एकत्र दिसतं. तिलाच 'लिस्ट-टाइमझोन्स' जोडलं की सगळी नावं येतात. ती सहाशेच्या आसपास आहेत. हवं ते नाव सापडलं की 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता' एवढं लिहायचं.

या कमांडने आत काय होतं, हे पाहण्यासारखं आहे. 'ईटीसी/लोकलटाइम' नावाची एक सिम्बॉलिक लिंक असते. ती झोनइन्फो डिरेक्टरीतल्या कोलकात्याच्या फाइलीकडे वळवली जाते. काम संपलं. सेकंदांची मोजणी एका सेकंदानेही हलत नाही. ज्या यंत्रणेत ही कमांड नसते, तिथे हीच लिंक 'एलएन' कमांडने हाताने वळवता येते. डेबियन आणि उबुंटूवर प्रश्न विचारत जाणारी पद्धत हवी असेल तर 'डीपीकेजी-रिकॉन्फिगर टीझेडडेटा' आहे, फ्रीबीएसडीवर 'टीझेडसेटअप' आहे आणि मॅकवर सेटिंग्जमध्ये जाऊन शहर निवडता येतं. 'टीझेडसिलेक्ट' नावाची आणखी एक कमांड खंड, देश, विभाग असं विचारत योग्य नाव शोधून देते, पण ती स्वतः काहीही बदलत नाही. तिने दिलेलं नाव घेऊन पुढचं काम आपणच करायचं असतं.

दोन गोष्टींकडे लक्ष हवं. क्रॉनसारख्या सतत चालणाऱ्या सेवा सुरू होताना झोन वाचून ठेवतात, म्हणून झोन बदलल्यावर त्या पुन्हा सुरू कराव्यात. आणि कंटेनरच्या आटोपशीर प्रतिमांमध्ये 'टीझेडडेटा' हे पॅकेज पुष्कळदा नसतंच. तिथे कितीही बरोबर नाव दिलं तरी यंत्राला ते सापडत नाही आणि ते यूटीसीच दाखवत राहतं. आधी पॅकेज बसवायचं, मग झोन द्यायचा.

इथपर्यंत आपण सबंध संगणकाचा झोन पाहिला. युनिक्सची रचना मुळात एका यंत्रावर अनेकांनी काम करावं म्हणून झालेली आहे आणि ती उदारता टाइम झोनमध्येही उतरली आहे. 'टीझेड' नावाचा एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असतो. ज्या वापरकर्त्याने तो ठरवला, त्याच्यापुरती वेळ त्या झोनमध्ये दिसते. 'टीझेड=इंडियन/मॉरिशस डेट' अशी कमांड दिली, तर तेवढ्या एका उत्तरापुरती मॉरिशसची वेळ मिळते आणि बाकी सगळं जसंच्या तसं राहतं. एकाच सर्व्हरवर पुण्यातली वापरकर्ती साडेसहा पाहते, पोर्ट लुईतला तिचा सहकारी त्याच क्षणी पाच पाहतो, आणि दोघांनी साठवलेल्या फाइलींच्या वेळांचा मेळ बरोबर बसतो, कारण खाली मोजणी एकच आहे.

फसवी नावं

झोनची नावं देताना चार जागा अशा आहेत, की तिथे भारतीय माणूस सहज फसतो.

पहिली जागा 'आयएसटी'. आपल्याला तो भारतीय प्रमाणवेळेचा संक्षेप वाटतो, पण इस्राएलची प्रमाणवेळ आणि आयर्लंडची उन्हाळी वेळ यांचाही संक्षेप तोच आहे. कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांत आजही मराठी बोलणारी माणसं आहेत. अलिबागच्या नातेवाइकाने 'आयएसटी सात वाजता बोलू' असं कळवलं, तर दोन्हीकडचे संगणक त्याचा वेगळा अर्थ लावू शकतात. त्याहून घातक प्रकार लिनक्सवर होतो. ग्नूची सी लायब्ररी असलेल्या यंत्रावर 'टीझेड=आयएसटी डेट' दिलं, तर त्या नावाची फाइल सापडत नाही. यंत्रणा तक्रार न करता यूटीसी वेळ दाखवते आणि सोबत 'आयएसटी' लिहून मोकळी होते. पाटी भारताची आणि वेळ साडेपाच तास मागची. लॉगमध्ये अशी वेळ गेली की नंतर शोधणाऱ्याला ती चूक ओळखणंही कठीण जातं.

दुसरी जागा 'एशिया/मुंबई'. असा झोन नाही, हे आपण पाहिलंच. तो दिला तर याच लायब्ररीत पुन्हा यूटीसी वेळ येते आणि सोबत 'एशिया' एवढाच शब्द दिसतो. कमांडच्या उत्तरात वेळेजवळ 'एशिया' दिसलं, तर नाव चुकलं आहे असं खुशाल समजावं.

तिसरी जागा 'इंडियन' नावाचा विभाग. नावावरून तो भारताचा वाटतो, पण तिथे हिंदी महासागरातली बेटं आहेत: मॉरिशस, मालदीव, मादागास्कर. भारत 'एशिया'खाली आहे.

चौथी जागा अधिक-उणे चिन्हाची. फाइलीचं नाव न देता टीझेडमध्ये थेट नियमही लिहिता येतो आणि भारताचा नियम 'आयएसटी-५:३०' असा होतो. उणे चिन्ह पाहून बुचकळ्यात पडायला होतं, कारण आपण यूटीसीच्या पुढे आहोत. पॉझिक्स या प्रमाणानुसार इथला आकडा 'स्थानिक वेळेत किती मिळवलं की यूटीसी येतं' हे सांगतो, म्हणून ग्रीनिचच्या पूर्वेकडचे सगळे देश उणे येतात. यादीतल्या 'ईटीसी/जीएमटी-५' या नावालाही हीच उलटी रीत आहे. तो झोन यूटीसीच्या पाच तास पुढे आहे. शिवाय त्या गटात अर्ध्या तासाचे झोनच नाहीत, त्यामुळे भारताची वेळ तिथे मांडता येत नाही.

दोन कार्यप्रणालींचं भांडण

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांना नेमका साडेपाच तासांचा गोंधळ भेटतो. त्याचं मूळ मदरबोर्डवरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळात आहे. लिनक्स त्या घड्याळात यूटीसी आहे असं धरतं, विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं मानतं. विंडोजने सकाळी दहा वाजता त्यात दहा लिहिले. मग लिनक्स सुरू केलं, तर ते दहाला यूटीसी समजून साडेपाच तास मिळवतं आणि दुपारचे साडेतीन दाखवतं. नेटवर्कवरून खरी वेळ कळल्यावर ते स्वतःला सुधारतं आणि त्या घड्याळात साडेचार लिहून ठेवतं. परत विंडोज उघडलं की तिथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. एकदा मागे, एकदा पुढे, असं चालूच राहतं.

उपाय एकच: दोघांनाही एकच गृहीतक द्यायचं. लिनक्सला 'सेट-लोकल-आरटीसी' सांगून स्थानिक वेळ मानायला लावता येतं, पण ते करताना टाइमडेटसीटीएल स्वतःच सावध करतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रियलटाइमइजयुनिव्हर्सल' ही नोंद करून त्यालाच यूटीसीवर आणणं अधिक शहाणपणाचं आहे. घड्याळात एकदा यूटीसी असलं की झोन कितीही बदलला तरी त्याला हात लावावा लागत नाही.

सर्व्हर कुठल्या वेळेवर ठेवावा?

घरच्या लॅपटॉपवर आपल्या गावची वेळ हवी, याबद्दल दुमत नाही. अनेकजण वापरतात त्या सर्व्हरचा झोन मात्र यूटीसी ठेवणं हिताचं. न्यूयॉर्कच्या झोनवर चालणाऱ्या यंत्रात मार्चच्या त्या रविवारी पहाटेचे दोन ते तीन हा तास येतच नाही आणि नोव्हेंबरमध्ये एक ते दोन हा तास दोनदा येतो. अडीचला ठरवलेलं काम एका दिवशी राहून जाऊ शकतं, दीडचं काम दोनदा होऊ शकतं. लॉगमध्ये 'एक वाजून चाळीस' दोनदा दिसल्यावर आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे ठरवता येत नाही. यूटीसीत असे खड्डे नाहीत. भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २०२२ च्या एप्रिलमध्ये दिलेल्या निर्देशांत सेवा देणाऱ्यांना आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी सर्व्हरशी जुळवायला सांगितलं, त्यामागेही हाच हेतू आहे: वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटना एका रांगेत लावता आल्या पाहिजेत. त्या जुळणीत झोनचा संबंध येत नाही. मोजणी अचूक असावी लागते, झोन नंतर दाखवताना लावायचा.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी इथे एक बारकावा आहे. घडून गेलेली गोष्ट यूटीसीत साठवावी. पुढे घडणारी गोष्ट, उदाहरणार्थ दीड वर्षानंतर लंडनमध्ये सकाळी दहाला ठरलेला कार्यक्रम, 'सकाळी दहा, युरोप/लंडन' अशीच साठवावी. तिचं यूटीसीत आधीच रूपांतर केलं आणि मधल्या काळात ब्रिटनने नियम बदलला, तर साठवलेला क्षण एक तासाने चुकीचा ठरेल. माणसं मात्र दहालाच जमतील. याच कारणासाठी 'टीझेडडेटा' हे पॅकेज सुरक्षेच्या अपडेटइतक्याच काळजीने ताजं ठेवावं लागतं. नियम बदलतात आणि ते यंत्रापर्यंत पोचण्याचा रस्ता हाच आहे.

भारतात राहून ही काळजी कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण आपली साडेपाच तासांची वेळही एक निर्णयच आहे. ईशान्य भारतात सूर्य फार लवकर उगवतो. आसामच्या चहाच्या मळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढची 'बागान वेळ' अनेक पिढ्या चालत आली आहे. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात ईशान्येसाठी साडेसहा तासांची दुसरी प्रमाणवेळ सुचवली होती. सरकारने दुसरी वेळ स्वीकारलेली नाही. कधी स्वीकारलीच, तर टीझेड डेटाबेसात तिकडच्या एखाद्या शहराच्या नावाने नोंद वाढेल, एक अपडेट येईल आणि गुवाहाटीतल्या वापरकर्त्याला ते नाव निवडावं लागेल. 'एशिया/कोलकाता' निवडलेल्या महाराष्ट्रातल्या यंत्रांना काहीही करावं लागणार नाही. अडतील ते प्रोग्राम, ज्यांच्या लेखकांनी 'भारत म्हणजे साडेपाच' असं धरून १९,८०० सेकंदांची बेरीज थेट लिहून टाकली आहे. आकडा आजचा असतो. गावाचं नाव दिलं की त्या गावाने काल काय ठरवलं होतं आणि उद्या काय ठरवेल, तेही संगणकाला कळत राहतं.